गाडी निघण्याआधी शेजाऱ्यानं बोलावं

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळा-कॉलेजांत झेंडावंदन होतं. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली आणि बेंबळीसकट आपला सगळा मुलूख मोकळा झाला. त्यानंतरची एक गोष्ट मात्र भाषणांत सहसा येत नाही.

येमेनच्या हद्रमौत भागातून फौजेत नोकरीसाठी आलेले अरब संस्थानात पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. लग्नं इथंच, पोरंबाळं इथलीच. रझाकारांच्या अत्याचारांनी लोक पोळले होते, त्यामुळे राग खरा होता. पण एकेकाचा गुन्हा तपासण्याऐवजी नुसतं 'अरब' म्हणून अनेकांना छावण्यांत डांबलं, काहींना एडनच्या बोटीत बसवलं. ज्यांचा जन्मच इथला, असेही लोक त्यात अडकले. पुढे सगळ्यांना घालवायचा बेत सरकारनं सोडला. पण गेलेल्यांची घरं मोडायची ती मोडलीच.

आता म्हणाल, हा झाला इतिहास. मग जून २०२५ बघा. मुंबई परिसरात राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून उचललं गेलं आणि थेट सीमेपलीकडे ढकललं गेलं. त्यांच्या राज्याचं सरकार मध्ये पडलं, तेव्हा ते परत आले. ते भारतीयच होते! आपल्या जिल्ह्यातली माणसंही ऊसतोडीला, कंपनीत कामाला परमुलखात जातात. तिथं कुणी अचानक कागद मागितले तर?

'मग काय, कुणीही यावं आणि राहावं?' कट्ट्यावर हा प्रश्न हमखास येतो. तसं नाही. बेकायदा आलेल्याला परत पाठवायचा हक्क सरकारला आहे. पण वीस-तीस वर्षं इथं राहिलेल्या माणसाचा निकाल एका रात्रीत लागू नये. त्याची सुनावणी व्हावी, त्याचा संसार आणि इथली वर्षं विचारात घ्यावीत. घटनेचं कलम २१ जीविताचं संरक्षण 'नागरिका'ला नाही, 'व्यक्ती'ला देतं. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठणकावून सांगितलं.

आपण कॉलेजची पोरं यात काय करणार? बरंच काही. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करायचा भार कायद्यानं त्या माणसावरच टाकलाय. कोठडीत बसून तो कागद कुठून आणणार? ते बाहेरच्यांनी शोधायचे. शाळेचा दाखला, जुना भाडेकरार, दवाखान्याची चिठ्ठी, मालकाचं पत्र, शेजाऱ्यांचे जबाब. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे त्याच्या घरच्यांना सांगायचं.

बोलल्यानं फरक पडतो का? पडतो. कॅरिबियन बेटांवरून लहानपणी ब्रिटनला गेलेल्यांना म्हातारपणी 'तुम्ही इथले नाही' म्हटलं गेलं. त्यांची आगमनाची कार्डं तर सरकारनंच २०१० मध्ये नष्ट केली होती. लोकांनी आणि वृत्तपत्रांनी ते लावून धरलं. सरकारला माफी मागावी लागली आणि एप्रिल २०१८ मध्ये गृहमंत्री अंबर रड यांनी राजीनामा दिला.

म्हणून मित्रांनो, आपल्या गल्लीतला, चहाच्या टपरीवरचा, बांधकामावरचा कुणी असा अडकला, तर 'आपल्याला काय करायचंय' म्हणून दार लावून घेऊ नका. तो किती वर्षं इथं आहे, हे आपल्यालाच माहीत असतं. तेवढं लेखी द्यायला चौकीपर्यंत जा, आणि एकटे न जाता चार जण मिळून जा.