शब्दविचार : ‘एक्सरसाइज’चे कूळ आणि औंधचा धडा

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक गमतीचा प्रसंग घडला. धाकटे चिरंजीव इंग्रजी वाक्यांचे मराठी करीत बसले होते. ‘माझी एक्सरसाइज बुक हरवली’ अशा अर्थाच्या वाक्याचे त्यांनी ‘माझी व्यायामाची वही हरवली’ असे भाषांतर केले. वडील मंडळी हसली. तेव्हा त्याच्या काकू म्हणाल्या, ‘हसता काय? दंड-बैठकांना आणि वहीतल्या धड्याला साहेबाने एकच शब्द का ठेवला, ते सांगा की त्याला.’ प्रश्न रास्त होता, आणि उत्तर कोणाजवळच तयार नव्हते. म्हणून या महिन्यात आम्ही हेच क्रियापद विचारास घेतले आहे.

‘एक्सरसाइज’चे मूळ लॅटिन भाषेतील ‘एक्सेर्केरे’ या क्रियापदात आहे. त्यातील ‘एक्स’ म्हणजे बाहेर, आणि ‘आर्केरे’ म्हणजे कोंडून ठेवणे, आवरून धरणे. तेव्हा मूळची कल्पना गोठ्यातील जनावरे बाहेर काढून औताला जुंपण्याची असावी, असा एक तर्क आहे. रोमन लोक जमीन कसणे, जनावरे राबविणे आणि शिपायांकडून कवाईत करून घेणे या सर्वांस हेच क्रियापद लावीत. कवाइतीने तयार झालेल्या फौजेस ते ‘एक्सेर्कितुस’ म्हणत. पुढे फ्रेंच भाषेच्या वाटेने हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. तेथे या क्रियापदाचा पहिला अर्थ अंगी असलेली शक्ती किंवा हाती असलेला अधिकार उपयोगात आणणे असा होता. शरीरास व्यायाम देणे हा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

आजही इंग्रजीत हे क्रियापद अनेक नात्यांनी वावरते. मनुष्य सकाळी ‘एक्सरसाइज’ करतो, तेथे आपण व्यायाम म्हणू. तो आपला मताचा हक्क ‘एक्सरसाइज’ करतो, तेथे आपण हक्क बजावतो असे म्हणतो. संयम किंवा सावधगिरी ‘एक्सरसाइज’ केली तर मराठीत ती बाळगावी लागते. कुत्र्याला ‘एक्सरसाइज’ करणे म्हणजे त्याला फिरवून आणणे होय. आणि एखाद्या गोष्टीने मन ‘एक्सरसाइज्ड’ झाले तर ते व्यग्र, बेचैन झाले असे समजावे. धड्याखालच्या प्रश्नांसही नामरूपाने हाच शब्द आहे. सरसकट ‘व्यायाम’ हा एकच प्रतिशब्द ठोकून देणाऱ्याची फजिती का होते, हे यावरून ध्यानात येईल.

विद्यार्थ्यांसाठी येथे दोन सूचना करून ठेवतो. या शब्दात ‘सी’ हे अक्षर एकदाच येते. पहिल्या ‘एक्स’नंतर आणखी एक ‘सी’ घालण्याची चूक पुष्कळांकडून होते. शेवटी नेहमी ‘एस’च येतो, अमेरिकन लोकसुद्धा तेथे ‘झेड’ लिहीत नाहीत. दुसरे असे की, मधल्या ‘ई’च्या जागी ‘ओ’ पडला की ‘एक्सॉर्साइज’ हा निराळाच शब्द उभा राहतो. तो ग्रीक भाषेतील शपथवाचक शब्दावरून आला असून त्याचा अर्थ भूत उतरविणे असा आहे. आजोबा रोज पहाटे बागेत ‘एक्सॉर्साइज’ करतात असे लिहिणाऱ्या नातवाने याचा विचार करावा!

आता आपल्या ‘व्यायाम’ शब्दाकडे वळू. वि आणि आ हे दोन उपसर्ग आणि यम् हा धातू यांचा तो बनला आहे. यम् म्हणजे आवरणे, धरणे, ताणणे. नियम, संयम, प्राणायाम ही त्याचीच भावंडे होत. ‘एक्सरसाइज’ आणि ‘व्यायाम’ यांचे रक्ताचे नाते नाही. तरीही दोन दूरच्या भाषांनी श्रमाच्या शब्दाच्या पोटी आवरून धरण्याचीच कल्पना ठेवावी, हे विचार करण्याजोगे आहे. आखाड्याला आपण तालीम म्हणतो, तो शब्द तर अरबीत शिकवणीचा आहे. म्हणजे काकूंच्या प्रश्नातील दंड-बैठका आणि धडा आपल्याकडेही एका शब्दात नांदलेले आहेत.

परंतु या लॅटिन घराण्यात एक सख्खा भाऊ असा आहे की, त्याची ओळख करून घेतल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. तो म्हणजे ‘कोअर्स’. त्यातही तोच ‘आर्केरे’ आहे. फक्त ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग जाऊन ‘एकत्र, पुरतेपणी’ या अर्थाचा उपसर्ग आला आहे. ‘कोअर्स’ करणे म्हणजे सक्ती करणे, दडपून भाग पाडणे. एका भावाने कोंडलेली शक्ती बाहेर काढून कामास लावावी आणि दुसऱ्याने तिला चहूकडून कोंडावे, असा हा प्रकार आहे.

या दोन भावांचा झगडा प्रत्यक्ष पाहावयाचा तर रोमला जाण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्यात, यमाईच्या डोंगराखाली असलेल्या औंधास गेले तरी पुरे. श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली या लहानशा संस्थानाच्या गादीवर आले. त्यांनी आधी सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने मेहनत केली होती. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांनी त्यांचा आजन्म प्रसार केला. संस्थानच्या शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा नमस्काराच्या दहा अवस्थांवरून त्याला ‘आरोग्याचा दहा अंगांचा मार्ग’ अशा अर्थाचे नाव दिले गेले.

त्याच औंधात १९१८ ते १९४८ अशी तीस वर्षे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा स्वाध्याय मंडळ हा उद्योग चालला. तेथून वेदांच्या शुद्ध संहिता निघाल्या, आणि गुरूवाचून घरबसल्या संस्कृत शिकता यावे म्हणून पुस्तके निघाली. आमच्या चिरंजीवांच्या मराठी पुस्तकात धड्याखालच्या प्रश्नांस ‘स्वाध्याय’ म्हणतात, म्हणजे काकूंच्या प्रश्नातील दुसरे टोकही औंधात सापडले.

तिसरा अर्थ हक्क बजावण्याचा. १९३९ च्या जानेवारीत महात्मा गांधींच्या सल्ल्याने औंधची नवी राज्यघटना अमलात आली आणि बाळासाहेबांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती दिले. चिरंजीव अप्पासाहेब पंत हे या कामात पुढे होते. स्त्री-पुरुष दोघांसही मत मिळाले. मात्र मतदारास लिहितावाचता आले पाहिजे, अशी अट होती. म्हणजे एक ‘एक्सरसाइज’ वहीत केल्यावाचून दुसरी मतपेटीपाशी करता येत नव्हती! ही अट कुंपण होती की पायरी, याविषयी मतभेद होऊ शकतो. ज्याला अक्षर शिकण्याची सवडच मिळाली नाही, त्याला ते कुंपणच वाटणार, हे आम्ही नाकारीत नाही.

तद्वत्, संस्थानिकाच्या इच्छेने शाळकरी मुलांनी घातलेले नमस्कार हा व्यायाम की सक्ती, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आरंभी त्यात दोहोंचा अंश असणारच. परीक्षा पुढे होते. आज्ञा करणारा दूर झाल्यावर जे टिकते ते ‘एक्सरसाइज’, आणि जे त्याच क्षणी गळून पडते ते ‘कोअर्स’.

ही परीक्षाही औंधाने घेतली. पोलंडात जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्यांनी शेती करावी आणि आपल्या शब्दास जागावे, एवढाच बंदोबस्त. याच प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला; त्याचे लेखक ग. दि. माडगूळकर हे औंध संस्थानच्याच मुलखातले. ‘आर्केरे’ची भिंत माणसाच्या भोवतालून काढून त्याच्या अंतःकरणात उभारता येते काय, हा त्या प्रयोगाचा खरा प्रश्न होता. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. पण स्वतंत्रपूर त्यानंतरही राहिले.

आपल्या एकत्र कुटुंबांतही हे दोन भाऊ नांदत असतातच. पहाटे उठविणे, पाढे म्हणवून घेणे, सुनेने अमुकच करावे आणि मुलाने तमुकच शिकावे असा आग्रह धरणे, यांतील ‘एक्सरसाइज’ किती आणि ‘कोअर्स’ किती, याचा हिशेब घरातील वडिलांनी अधूनमधून मांडावा. आम्हीही तो मांडून पाहिला, आणि काही रकमा नको त्या बाजूस पडलेल्या आढळल्या, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

चिरंजीवांची वही अखेर माळ्यावर सापडली. त्यांचे भाषांतर आम्ही दुरुस्त केले. पण समासात ‘अगदीच चूक नाही’ असा शेरा काकूंनी आपल्या हाताने लिहिला.