कोणत्या सालचा टायसन?

'टायसन आणि होलीफील्ड आज तिसऱ्यांदा लढले तर कोण जिंकेल?' या प्रश्नावर आमच्या घरातली तरुण मंडळी तावातावाने भांडतात. पुतणे टायसनच्या बाजूचे, नातू होलीफील्डच्या. मंडळी, मला विचाराल तर हा प्रश्नच मुळात विचारण्यासारखा नाही.

त्यामागची उत्सुकता मला कळते. नोव्हेंबर १९९६ मध्ये होलीफील्डने अकराव्या फेरीत टायसनला हरवलं. जून १९९७ मध्ये टायसनने त्याचा कान चावला आणि तो बाद ठरला. हिशेब अर्धवट राहिला असं चाहत्यांना वाटतं. पण होलीफील्डचा जन्म १९६२ चा, टायसनचा १९६६ चा. साठीच्या घरातल्या माणसांनी तो हिशेब कशाला पुरा करायचा?

यावर ठरलेलं उत्तर येतं : "दोघेही म्हातारेच की! मग सामना बरोबरीचाच." इथेच खरी गफलत आहे. मी मराठीचा बी.ए., गणित माझा विषय नव्हे. पण दोन उण्या संख्यांची बेरीज अधिक होत नाही एवढं मलाही कळतं. मुष्टियोद्ध्याचे आधी पाय जातात, नजर मंदावते, ठोसा चुकवण्याची चपळाई जाते. ठोशातली ताकद जाते ती सगळ्यात शेवटी. म्हणजे मारता येतं, पण चुकवता येत नाही. असे दोघे समोरासमोर आले की धोका कमी होत नाही, दुप्पट होतो.

मग जॉर्ज फोरमनचं नाव पुढे केलं जातं. १९९४ साली पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने मायकेल मूररला पाडून जगज्जेतेपद मिळवलं. खरं आहे. पण दहाव्या फेरीतल्या त्या ठोशापर्यंत तो तिन्ही पंचांच्या गुणांत मागे होता आणि नऊ फेऱ्या मार खात होता. शिवाय मध्ये दहा वर्षं तो रिंगणाबाहेर होता. एका फोरमनवरून नियम कसा करायचा?

बाकीच्यांचं काय झालं ते पाहा. ऑक्टोबर १९८० मध्ये अडतीस वर्षांचा महंमद अली लॅरी होम्सपुढे उभा राहिला. हा होम्स एकेकाळी त्याचा सरावाचा जोडीदार. दहा फेऱ्यांनंतर अलीच्या प्रशिक्षकानेच सामना थांबवला. २०२१ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा होलीफील्ड ऐनवेळी बदली म्हणून उतरला आणि दोन मिनिटांच्या आत सामना थांबवावा लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा टायसन सत्तावीस वर्षांच्या जेक पॉलशी लढला. फेऱ्या तीनऐवजी दोन मिनिटांच्या, हातमोजे नेहमीपेक्षा जड. तरी आठ फेऱ्यांत त्याचे जेमतेम अठरा ठोसे लागले. यातून कोणाचा कसला हिशेब पुरा झाला?

"पण ते स्वखुशीने लढतात, आपण कोण अडवणार?" हा शेवटचा बचाव. जो लुईस १९५१ साली सदतिसाव्या वर्षी तरुण रॉकी मार्सियानोपुढे उतरला, कारण डोक्यावर सरकारी कराचं भलंमोठं कर्ज होतं. आठव्या फेरीत तो दोरांबाहेर फेकला गेला. कर्जबाजारी माणसाच्या होकाराला स्वखुशी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे! आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाही भुलवतो तो आपलाच गलका. आपण 'कोण जिंकेल' म्हणून भांडतो, त्यावरूनच आयोजक तिकिटांचा अंदाज बांधतो.

काल्पनिक झुंजींना माझा विरोध नाही. मार्सियानो आणि अली यांना १९६९ मध्ये कॅमेऱ्यापुढे उभं करून संगणकाच्या हिशेबाने एक लुटुपुटीची लढत रंगवली होती. त्यावर खुशाल वाद घाला. १९७४ चा अली की १९८८ चा टायसन, यावर रात्रभर घाला. त्यात कोणाच्या मेंदूला इजा होत नाही.

फक्त नावापुढे साल लिहा. इतिहासाच्या पेपरात सनाशिवाय उत्तर लिहिलं तर मी गुण कापत असे. या वादातही मी तेच करणार.