बोकडाचा उतारा कोण मोजणार?

डेअरीत दूध घातले की फॅट आणि एसएनएफ पाहून भाव ठरतो. उसाची एफआरपी १०.२५ टक्के साखर उताऱ्याशी बांधलेली आहे आणि उताऱ्याच्या अर्ध्या टक्क्यावरून महाराष्ट्रात रस्ते अडवले जातात. बोकड मात्र अजून नगावर विकला जातो. चाकणचा बाजार घ्या किंवा आटपाडीचा, व्यापारी बोकडाच्या पाठीच्या मणक्यावरून हात फिरवतो, कंबर दाबतो, दात पाहतो आणि आकडा सांगतो. २०१९च्या पशुगणनेत राज्यात १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. एवढ्या मोठ्या धंद्यातला मुख्य व्यवहार आजही अंदाजावर चालतो.

हा अंदाज कच्चा नसतो, हे आधी मान्य केले पाहिजे. रोज जनावर हाताळणाऱ्या खाटकाला सोलल्यावर किती मटण पडेल हे बहुतेक वेळा बरोबर कळते. अडचण अशी की ते त्यालाच कळते. समोर दोरी धरून उभी असलेली बाई वर्षाकाठी दोन-चार बोकड विकते, तेही शाळेची फी, दवाखाना किंवा पेरणी तोंडावर आल्यावर. एकाला माल किलोत दिसतो, दुसरीला नगात. नगाच्या बाजारात लबाडी कोणीही केली नाही, तरी नुकसान ठरलेले असते.

मग काटा लावा, जिवंत वजनावर विका, हे उत्तर सरळ वाटते. बंदिस्त शेळीपालन करणारे अनेक जण तसे विकतातही. पण व्यापाऱ्याच्या आक्षेपात तथ्य आहे. शेळी रवंथ करणारे जनावर आहे आणि तिच्या पोटातला चारा-पाणी वजनाचा मोठा भाग असतो. भरल्या पोटी २५ किलो भरलेल्या बोकडाचे सोललेले धड सव्वाअकरा किलो निघाले, तर उतारा ४५ टक्के. तोच बोकड रात्रभर उपाशी ठेवून दोन किलोने उतरला, तर धड तेवढेच, पण उतारा ४९ टक्क्यांच्या जवळ. मटणात एका ग्रॅमचाही फरक नाही. बाजाराच्या दिवशी पहाटे मीठ चारून पाणी पाजण्याची युक्ती सगळ्यांना माहीत आहे आणि ती खपवून घेऊन काट्यावर विश्वास बसणार नाही. वजनाआधी किती तास चारा बंद ठेवायचा हे ठरवून दिले, तर हा आक्षेप बराचसा मिटतो.

तत्त्वाने सर्वात न्याय्य पद्धत सोललेल्या धडाच्या वजनावर पैसे देण्याची. न्यूझीलंडमध्ये कोकरांचा भाव तसा ठरतो. धडाचे वजन घेतात आणि बाराव्या बरगडीवर, मधल्या रेषेपासून ११ सेंटिमीटरवर मांस-चरबीची जाडी मोजून प्रतवारी लावतात. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी आणावी असे मला वाटत नाही. एक तर आपले बहुतेक बोकड गावच्या किंवा पेठेतल्या छोट्या दुकानात कापले जातात, आणि तिथे धड तोलून पावती देणारी त्रयस्थ यंत्रणा नाही. दोरी सोडल्यावर पैशासाठी थांबण्याची ऐपत विकणारीकडे नसते. शिवाय फक्त धडावर हिशेब केला, तर मुंडी, पाय, काळीज, वजडी आणि कातडे यांचे पैसे शेतकऱ्याच्या हिशेबातून गळू शकतात. आपल्या स्वयंपाकात यातले फारच थोडे वाया जाते आणि खाटकाला त्याचे रोख पैसे मिळतात.

चरबीचा थर मोजणेही शेळीला लागू पडत नाही. शेळीच्या कातड्याखाली चरबी पातळ असते. ती साठते पोटात, गुर्द्यांभोवती आणि आतड्यांवरच्या पडद्यात. वाढत्या जनावरात आधी हाडाचा वेग असतो, मग मांसाचा, शेवटी चरबीचा. म्हणून तीन-चार महिन्यांचे करडू विकले की त्यात हाडाचा वाटा जास्त जातो आणि मांस भरण्याचा काळ दुसऱ्याच्या गोठ्यात सरतो. उलट वाढ पूर्ण झालेल्या बोकडाला खुराक घालत राहिले, तर पुढचा प्रत्येक किलो महाग पडतो. कारण तो अधिकाधिक चरबीचा असतो आणि त्यातली बरीच पोटातून बाहेर काढली जाते. केव्हा विकायचे हे सांगणारी खूण दर पंधरवड्याच्या वजनात सापडते. वाढ मंदावली की विकावे. म्हणजे काटा बाजाराआधी गोठ्यात हवा.

वजनाच्या मोहातून बोअरचा प्रश्न येतो. दक्षिण आफ्रिकेच्या या जातीचा पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या पुढे जातो. आपल्याकडच्या उस्मानाबादी जातीचा नर साधारण ३४ किलोचा. फलटणच्या निंबकर संस्थेने १९९०च्या दशकात बोअर महाराष्ट्रात आणली आणि संकरित करडे वेगाने वाढतात हे खरे आहे. पण त्या वेगाला हिरवा चारा आणि खुराक लागतो. मराठवाड्यातल्या बांधावर आणि माळावर चरून जुळी करडे देणारी शेळी एका वेतात जेवढे किलो उभे करते, तेवढे मोठ्या अंगाच्या शेळीला वर्षभर पोसूनही मिळतीलच असे नाही. गिऱ्हाईकही आपल्याकडे हाडासकट मटण घेते. नळी त्याला हवी असते, रश्श्याला हाडे लागतात, आणि लहान कोवळ्या बोकडाला त्याची पसंती असते. चारा-पाणी हाताशी असलेल्या बागायतदाराने बोअरचा संकर जरूर करावा. कोरडवाहू कुटुंबाने मात्र घरची जात सोडू नये, त्यातलाच वजनदार बोकड पैदाशीला राखावा. आज सर्वात चांगला वाढलेला बोकडच सर्वात आधी विकला जातो, आणि ही हानी कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

बकरी ईदच्या बाजाराला हे काही लागू नाही. तिथे वय, रूप आणि निर्दोष अंग यांना किंमत असते, आणि ती किलोत बसवू नये.

२०१९च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन पेटले. गिऱ्हाइकाला किलोचा भाव मागण्याचा हक्क आहे. तोच हक्क पाळणारीलाही हवा. नगाचा सौदा बंद करण्याची गरज नाही, त्याच्या शेजारी काटा उभा राहिला पाहिजे. बाजार समित्यांनी शेळ्या-मेंढ्यांच्या प्रत्येक आवारात प्रमाणित काटा बसवावा, उपाशी ठेवण्याचे तास ठरवावेत आणि जिवंत किलोचा त्या दिवसाचा दर फळ्यावर लिहावा. आणि विकणाऱ्यांनो, बोकड काट्यावर चढवल्याशिवाय दोरी हातातून सोडू नका.