झोप पुरी होत नाही, सर

बार्शीटाकळीहून अकोला जेमतेम वीस किलोमीटर. सकाळच्या एसटीत कॉलेजला आणि कामाला निघालेली पोरं खिडकीला डोकं टेकून झोपलेली दिसतात. संध्याकाळच्या गाडीतही तीच, तशीच.

त्यांतलाच एक मागच्या महिन्यात भेटला. बी.ए.चं दुसरं वर्ष. सकाळी कॉलेज, दुपारपासून रात्री नऊपर्यंत कापडाच्या दुकानात. घरी पोचून जेवेपर्यंत अकरा, मग तासभर मोबाइल. "तेवढाच तं माहा टाइम असते," तो म्हणाला. पहाटे पाचला पाणी भरायला उठायचं. "काही कराले मनच नाही लागत, सर. पुस्तक उघडलं का डोये लागतात." घरचे म्हणतात, पोट्टं आळशी झालं. त्यालाही आता ते पटलं आहे, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

पाच तास झोपणाऱ्या मुलाला आळशी म्हणायचं? मोठ्या माणसालाही रोज किमान सात तास झोप लागते. रोजचे दोन तास तुटले तर आठवड्याला चौदा तास होतात, म्हणजे दोन अख्ख्या रात्रींचं जागरण. एवढं जागून अभ्यासाची गोडी टिकत नाही आणि वाचलेलं लक्षातही राहत नाही, कारण दिवसभरात शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. कॉलेजात येऊन जिद्दीवर तासभर बोलणारे वक्ते याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. दमलेल्या मुलाला आणखी रगडायला सांगणं मला क्रूर वाटतं.

आपल्या भागाचं वेळापत्रकही मुलांच्या अंगावर येतं. विद्यापीठाची हिवाळी परीक्षा जवळ येते तेव्हा शेतात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी असते. घरचं शेत असो की मजुरी, पोरांचे हात लागतातच. उन्हाळी परीक्षेला ऊन. पत्र्याच्या घरात रात्री एकपर्यंत भिंती गरम राहतात, झोप येणार कुठून? मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं. कामगारांसाठी पाणी-पंख्याची सोय करा आणि खासगी शिकवण्या सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्या, असा आदेश निघाला. शरीराला मर्यादा असते हे त्या आठवड्यात सरकारी कागदावर मान्य झालं. वर्षाच्या बाकी दिवसांतही ते मान्य करायला हवं.

मुलींचा थकवा अनेकदा रक्तात असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागते, डोकं जड होतं, कशातच मन लागत नाही. आणि घरी ऐकावं लागतं की हिला कामाचा कंटाळा आहे. मुलगी सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवते आणि वर लगेच चहा घेते. त्या चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, रक्तातली साखर हीसुद्धा कारणं असू शकतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हिमोग्लोबिन तपासून घ्यायला एक सकाळ पुरते.

झोप पुरी होते, रक्तही ठीक आहे, तरीही दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ आवडीच्या गोष्टीतही मन रमत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर इलाज आहे. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

काम करून शिकणं आपल्याकडे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका' या तत्त्वावरच उभारलं. काम, शिक्षण आणि मुलांचा सांभाळ यांची जबाबदारी तिथं संस्थेनं घेतली होती. आजचा मुलगा एकीकडे कमावतो, दुसरीकडे शिकतो, तिसरीकडे झोपतो आणि मधला वेळ गाडीत घालवतो. त्याचा सगळा दिवस एकत्र पाहणारं कोणी नाही.

म्हणून दुकानदार आणि मिलमालकांना माझी विनंती आहे: परीक्षेच्या महिन्यात या मुलांना दोन तास आधी सोडा आणि त्याचा पगार कापू नका. प्राध्यापकांनो, शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्याला वर्गाबाहेर काढण्याआधी, काल किती वाजता झोपलास, एवढं विचारा.