साप जाऊ द्यावा, वेळ जाऊ देऊ नये

खारीहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर जवळच आहेत. तेथे सहलीस जाणाऱ्या, तसेच विहारात साधू-साध्वींसमवेत पहाटेच्या अंधारात चालणाऱ्या श्रावकांनी सर्पदंशाचे नियम आधीच जाणून घ्यावेत.

साप मारून रुग्णालयात दाखवावा लागतो, हा समज चुकीचा आहे. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांसाठी एकच असते. डॉक्टर लक्षणे पाहून ते देतात. सापामागे धावल्यास हिंसा घडते, दुसरा दंश होऊ शकतो आणि मोलाचा वेळ जातो.

रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात. दंश झालेला हात वा पाय काठीच्या आधाराने सैल बांधून स्थिर ठेवावा. दोरीने आवळू नये. जखम कापू वा चोखू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्यास चावते. सूज वा वेदना फारशी नसते. पहाटे पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर उपवासाची ग्लानी समजून थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

जीवदया आणि वैद्यकशास्त्र येथे एकच सांगतात : साप जाऊ द्यावा, माणूस वाचवावा.