सरासरीच्या आड दडलेला दुष्काळ

२०१६ सालच्या जानेवारीत भारतीय हवामानशास्त्र विभागाने आपल्या परिभाषेतून ‘दुष्काळ’ हा शब्द काढून टाकला आणि त्याजागी ‘अपुऱ्या पावसाचे वर्ष’ असा निरुपद्रवी शब्दप्रयोग स्वीकारला. दुष्काळ जाहीर करणे हे राज्य सरकारांचे काम, हवामान विभागाचे नव्हे, असा त्यामागचा युक्तिवाद होता आणि तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचाही नव्हता. त्यानंतर तीनच महिन्यांनी मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्या वर्षीचा जून ते सप्टेंबरचा पाऊस पुढे देशपातळीवर सरासरीच्या ९७ टक्के, म्हणजे ‘सामान्य’ भरला. तमिळनाडू ज्याच्यावर विसंबून असतो तो ईशान्य मोसमी पाऊस या राष्ट्रीय सरासरीत धरलाच जात नाही. त्याने त्या वर्षी सुमारे १४० वर्षांतील नीचांक गाठला. २०१७ च्या मार्चमध्ये जंतरमंतरवर कवट्या मांडून बसलेले तमिळ शेतकरी राजधानीने पाहिले, ते या ‘सामान्य’ वर्षानंतर.

शेतकऱ्यांमध्येही दुष्काळावर वाद आहेत. पण ते शब्दाविषयी नाहीत, कारणाविषयी आहेत. मराठवाड्यातील जुनी मंडळी १९७२ चा दाखला देतात: तेव्हा धान्य नव्हते पण विहिरीला पाणी होते, आता धान्य आहे पण पाणी नाही, दुष्काळ काही नवा नव्हे. तरुण शेतकरी म्हणतात, पाऊस तेवढाच पडतो, पण पेरणीनंतर तोंड फिरवतो आणि काढणीला येऊन बसतो. हे पूर्वी नव्हते. तिसरा पक्ष म्हणतो, आभाळाला दोष देण्याआधी ऊस आणि विंधनविहिरी मोजा.

वास्तविक या तिघांचेही म्हणणे खरे आहे. पावसाचे वेळापत्रक सरकल्याची कबुली खुद्द हवामान विभागाने २०२० मध्ये दिली. वायव्य राजस्थानातून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर आणि मुंबईतून परतण्याची २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेण्यात आली. सोयाबीन काढणीला येते ते याच दिवसांत. ज्या मराठवाड्यात रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथील शिवारे २०२५ च्या सप्टेंबरात पुराखाली गेली. धाराशिव, बीडमध्ये उभ्या पिकाबरोबर मातीही वाहून गेली. दुष्काळ आणि अतिवृष्टी हे परस्परविरोधी अनुभव राहिलेले नाहीत. एकाच शेतकऱ्याच्या वाट्याला ते आलटून पालटून येत आहेत.

या प्रश्नावर दिल्ली दोन भाषांत बोलते. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर भारताची भूमिका ठाम आहे: हवामानबदलाची झळ गरिबांना बसते आहे आणि भरपाई श्रीमंत राष्ट्रांनी द्यावी. २०२२ मध्ये शर्म अल शेख येथील परिषदेत हानी व नुकसान निधीचा निर्णय झाला, तेव्हा भारताने त्याचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. देशाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनेही हवामानबदलामुळे शेतीचे उत्पन्न सरासरी १५ ते १८ टक्क्यांनी आणि कोरडवाहू भागात २० ते २५ टक्क्यांनी घटू शकते, असे नमूद केले होते. परंतु हाच दावा घेऊन एखादे राज्य केंद्राच्या दारी आले, की पुराव्याचा भार त्याच्यावर पडतो. ‘स्वराज अभियान’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निकालानंतर दुष्काळ संहिता सुधारली गेली. पैसेवारीच्या जागी शास्त्रीय निकष आले, हे स्वागतार्ह होते. मात्र पावसातील खंड ग्राह्य धरायला तो सलग तीन ते चार आठवड्यांचा असावा लागतो. हलक्या जमिनीतील पीक दोन आठवड्यांतच माना टाकते, हे कोणताही शेतकरी सांगेल.

कर्नाटकचे उदाहरण ताजे आहे. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कर्नाटकने दोनशेहून अधिक तालुक्यांत दुष्काळ जाहीर करून १८ हजार कोटींहून अधिक रकमेची मागणी केली. केंद्रीय पथक ऑक्टोबरात येऊन गेले. मदत मिळाली नाही म्हणून राज्याला २०२४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि एप्रिलअखेरीस सुमारे साडेतीन हजार कोटी रुपये मंजूर झाले. तोवर लोकसभेची निवडणूक सुरू होती. याउलट २०२२ च्या मार्चमधील विक्रमी उष्णतेने उत्तरेतील गव्हाला फटका बसला आणि शासकीय खरेदीवर सावट आले, तेव्हा १३ मे रोजी गव्हाची निर्यात थांबवण्यात आली. गोदामाची काळजी असली की निर्णय तत्परतेने होतो, कोरडवाहू शेतकऱ्याची असली की फाईल फिरत राहते.

अर्थात केंद्राच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे. निकष सैल केले तर निवडणुकीच्या तोंडावर प्रत्येक राज्य दुष्काळ जाहीर करील, ही भीती निराधार नाही. राज्यकर्त्यांना हवामानबदल ही नवी पळवाटही सापडली आहे. अर्धवट कालवे, अवर्षणप्रवण भागात वाढवलेले ऊसक्षेत्र, उपशावर नसलेले नियंत्रण, सारे तिच्यामागे झाकले जाते. तिसऱ्या पक्षाचा शेतकरी नेमके हेच सांगतो आहे. पण यावरचा उपाय निकष सैल करणे हा नसून मोजमाप बारीक करणे हा आहे. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. त्यांच्या नोंदींवरून मंडळ हा घटक धरून, जमिनीच्या प्रतीनुसार पावसाचा खंड का मोजता येऊ नये? एकूण पावसाबरोबर पावसाचे दिवस आणि काढणीच्या पंधरवड्यातील पाऊसही निकषांत का येऊ नये? आणि केंद्रीय पथकाच्या अहवालानंतर निर्णयाची मुदत केंद्रावर बंधनकारक का असू नये? याच जोडीला, जे राज्य भूजलाच्या उपशाचा आणि पीकपद्धतीचा हिशेब मांडणार नाही, त्याची मागणी तेवढ्यापुरती रोखण्याचा अधिकार केंद्राला असावा.

हे निर्णय केंद्रीय कृषी मंत्रालयात आणि गृह मंत्रालयात होतात आणि त्या टेबलांवर मराठी अधिकारीही बसतात. त्यांच्यापैकी अनेकांचे नाव गावच्या सातबाऱ्यावर आजही आहे. त्यांनी गावाची बाजू घ्यावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही आणि करूही नये. परंतु ज्या दस्तऐवजात देश म्हणून आपण जगाकडे भरपाई मागतो, त्यातील वाक्ये देशांतर्गत दुष्काळाच्या टिपणीतही ग्राह्य धरावीत, एवढे लेखी नोंदवणे त्यांच्या अधिकारात निश्चित आहे.