इंदापूरचे पाटसकर आणि इंदापूरच्या लेकी

हरि विनायक पाटसकर यांचा जन्म १८९२ साली इंदापुरात झाला. तृतीय वर्षाच्या वर्गात मी हे सांगितले तेव्हा समोरच्या चेहऱ्यांवर ओळखीची खूण उमटली नाही. बारामती-इंदापूरकडच्या या मुलामुलींना तालुक्याचे राजकारण तोंडपाठ असते. हे नाव मात्र कुणी ऐकलेले नव्हते.

१९५७ ते १९६५ या काळात पाटसकर मध्य प्रदेशचे राज्यपाल होते, म्हणून त्यांची ओळखही 'माजी राज्यपाल' एवढ्यातच आटोपली जाते. माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व राजभवनात जाण्यापूर्वीचे आहे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. पुढे त्या विधेयकाचे तुकडे करून ते संसदेत आणले गेले, आणि लोकसभेत त्यांची धुरा वाहिली ती जळगावहून १९५२ साली निवडून आलेल्या, विधी मंत्रालयात मंत्री असलेल्या पाटसकरांनी. १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा असे मार्गी लागले. त्यात तडजोड होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत ती जन्माने सहहिस्सेदार ठरली नाही. ती उणीव महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली भरून काढली.

आंध्र-मद्रास सीमावादात खेडे हा घटक धरण्याचे पाटसकरांचे सूत्र बेळगावच्या प्रश्नात आपण आवर्जून पुढे करतो. ते आपल्या सोयीचे आहे! वारसा कायदा तितका सोयीचा नाही. नीरेच्या कालव्याखालच्या उसाच्या जमिनीचा भाव वाढला, तशी वडिलांच्या पश्चात बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेण्याची घाईही वाढली. तेथे हक्कसोडपत्रावर सही होते. दस्तात 'राजीखुशीने' असा शब्द असतो, आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. साडीचोळी करून तिची बोळवण होते; सातबाऱ्यावर भावांची नावे राहतात. यातले काहीही बेकायदा नाही, हेच अधिक बोचणारे.

तास संपल्यावर इंदापूरकडची एक विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, "सर, आईनं मागच्या दिवाळीत सही केली. ती परत घेता येते का?" वकिलाला विचारावे लागेल, असे मी सांगितले. तिने वहीच्या मागच्या पानावर पाटसकरांचे नाव लिहून घेतले, आणि त्याखाली कायद्याचे साल.